राडारोड्याचा जमाखर्च

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा जो रंगीत प्रस्ताव गेल्या महिन्यात घरोघर वाटण्यात आला, त्याच्या मुखपृष्ठावर इमारतीपेक्षा झाडेच अधिक आहेत. आणि आवारात आज प्रत्यक्ष उभे असलेले दोन आंबे आणि एक कडुनिंब यांना त्या झाडांत कुठेही स्थान नसून, परमुलखातील एखाद्या बागेतून उचलून बाराव्या मजल्याच्या सज्ज्यांत नेऊन ठेवावीत तशी ती एकही पान न वाळलेली झाडे आहेत. आतल्या पानावर ‘हरित इमारत’ या मथळ्याखाली पर्जन्यजलाचे पुनर्भरण, सूर्यापासून वीज, सांडपाण्याचे शुद्धीकरण, राखेच्या विटा आणि ‘साहित्याचा पुनर्वापर’ अशी पाच कलमे असून, शेवटच्या पानाला संमतीपत्र टाचलेले आहे. त्यावर माझी सही व्हायची होती. छत्तीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर निःशंकपणे सह्या करीत आलेल्या माणसाने एका सहीपाशी इतके दिवस अडखळावे याचे घरात सर्वांनाच नवल वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचे कारण नीट सांगता येत नव्हते.

त्याच सुमारास नारायण पेठेत, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, एक वाडा उतरवण्याचे काम चालू होते. ‘उतरवण्याचे’ हा शब्द माझा नव्हे. तो पाडकामाचा मक्ता घेतलेल्या शेठजींचा. इमारत पाडतात, वाडा उतरवतात, असा भेद ते करीत, आणि दोनतीन सकाळी तिथे उभा राहिल्यावर तो भेद मला पटला. प्रथम कौले उतरली आणि चवडी होऊन भिंतीशी उभी राहिली. मग रिपा, मग वासे, मग माडीच्या फळ्या. आणि शेवटी तुळया, ज्यांच्या टोकांची कुसे खांबांच्या खोबणीत शंभर-सव्वाशे वर्षे बसून राहिली होती, त्या लाकडी मोगरीच्या चार ठोक्यांत, काल दुपारीच कुणी बसवल्या असाव्यात इतक्या निमूटपणे सुटून आल्या. खाली जोत्यावर दोन बायका बोथट कोयत्यांनी विटांना चिकटलेला चुना खरवडीत होत्या आणि साफ झालेली वीट न पाहताच मागे रचीत होत्या. शेठजींचा हा धंदा तिसऱ्या पिढीचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांत शिरले, मातीच्या भिंती विरघळून गेल्या आणि सागाची लाकडे चिखलात शाबूत पडून राहिली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी ती विकत घेऊन धुऊन वाळवली. वखार उभी राहिली ती त्यानंतर.

ज्या सकाळची ही हकिकत आहे त्या सकाळी माझा माग काढीत रावसाहेब तिथे आले. रावसाहेब सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आमच्या पुनर्विकास समितीचे अध्यक्ष, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मसुद्यातील स्वल्पविराम तपासणारे गृहस्थ. ते आले होते सहीच्या तगाद्यासाठी. पण शेठजींनी खुर्ची मागवली, चहा सांगितला, आणि तगादा बाजूला राहून वाद सुरू झाला.

“मास्तर, हे जे तुम्ही रोज डोळे भरून पाहता ते सुंदर आहे, हे मी नाकारीत नाही,” रावसाहेब म्हणाले, “पण शहराचा कारभार सौंदर्यावर चालत नाही, शिरस्त्यावर चालतो, आणि तो शिरस्ता आता कोठे बसू लागला आहे. आमच्या उमेदीच्या काळात राडारोडा म्हणजे रात्री नदीपात्रात नाहीतर टेकडीच्या उतारावर रिकामा करायचा ट्रक. त्याची नोंद कुठल्याही दफ्तरात नसे. २०१६ साली केंद्र सरकारने नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका कामातून महिन्याला ३०० टन याहून अधिक राडारोडा ज्याच्याकडून निघेल, त्याने काँक्रीट, माती, विटा व त्यांना चिकटलेला माल, आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे करावेत, हे त्यांत ठरले. दिल्लीला बुराडीत राडारोडा भरडण्याचा कारखाना २००९ पासून आहे. आपल्याकडेही ते तंत्र येऊन स्थिरावते आहे. आपली इमारत पडेल, तिची खडी होईल, ती खडी नव्या बांधकामात जाईल. जिथले तिथे परत.”

“परत म्हणजे किती आणे, साहेब?” शेठजींनी विचारले. “सोळा?”

रावसाहेबांचा एक गुण असा की, आकडा विचारला की ते आपला पक्ष विसरतात. ते म्हणाले, “भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने भरडलेल्या काँक्रीटच्या खडीला प्रथमच मान्यता दिली. सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये जाड खडीच्या २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, आणि तेही एम-२५ प्रतीपर्यंतच. पायाखालच्या दुबळ्या पीसीसीत मात्र १०० टक्के चालते.”

“आणि बारा मजल्यांचा भार घेणाऱ्या खांबांत?” मी विचारले.

“ते खांब एम-२५ चे कसे असतील, मास्तर? एम-४० तरी धरा. त्यांत नाही.”

याचे कारणही त्यांनीच सांगितले, आणि ते एखाद्या आरोग्याच्या तक्रारीसारखे सांगितले: भरडलेल्या खडीच्या अंगाला जुना माल चिकटून राहतो, तो सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि मग नव्या काँक्रीटमधील पाण्याचे प्रमाण बिघडून त्याची ताकद अनिश्चित होते. म्हणून ही खडी रस्त्याच्या भरावात, पदपथाच्या पेव्हर ब्लॉकांत, पायाखालच्या थरात जाते. शेठजींनी मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे दिवाणखान्यातला माणूस ओसरीवर, आणि पुढल्या खेपेस ओसरीवरचा गोठ्यात.”

इथे रावसाहेबांनी रागवावे असे वातावरण होते, पण ते उलट पुढे सरकले. ते म्हणाले की, खडीचे तरी काहीतरी परत मिळते, सिमेंटचे काहीच मिळत नाही. कारण सिमेंट ही वस्तू नसून एक घडून गेलेली क्रिया आहे. ती क्रिया त्यांनी जोत्यावरच्या धुळीत बोटाने आकडे लिहून मला समजावली. शुद्ध चुनखडी १०० किलो घेऊन भाजली, तर ४४ किलो वायू होऊन आकाशात जाते आणि ५६ किलो चुना उरतो. मग तोच चुना मातीतील सिलिकेशी सुमारे १४५० अंश उष्णतेत वितळण्याच्या बेतास आणून त्याचे खडे करायचे, ते दळायचे, आणि पाणी घातले की ते एकदाच आणि कायमचे घट्ट व्हायचे. भट्टी उद्या कोळशाऐवजी सूर्याच्या उन्हाने तापवली, तरी ते ४४ किलो जायचे ते जातातच, कारण ते इंधनातून येत नाहीत, दगडातूनच येतात. मी शाळेत रसायन शिकवले नाही, भाषा शिकवली. पण क्रियापदाला भूतकाळ लागल्यावर ते वर्तमानात आणता येत नाही, एवढे व्याकरण मला त्या धुळीतल्या आकड्यांत वाचता आले.

“पण काँक्रीट हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषते, असे मी वाचले आहे,” मी कुठल्याशा मासिकाच्या आधारावर म्हणालो.

“शोषते,” रावसाहेब म्हणाले, “आणि ज्या प्रमाणात शोषते त्या प्रमाणात आतल्या सळईचे संरक्षण जाते. आपल्या वाहनतळातल्या तिसऱ्या खांबाची सळई गंजून बाहेर आली आहे ना, तिच्या गंजाला कारण झालेला तोच तुमचा पुण्यशील वायू.”

शेठजी उठले आणि मला हाताला धरून वाड्याच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेले. ही भिंत मी आधी नीट पाहिली नव्हती. तिचा खालचा भाग पुरात वाहून गेला होता आणि १९६१ नंतर सिमेंटमध्ये पुन्हा बांधून काढला होता, वरचा भाग मात्र लाकडी चौकटीला धरून जुन्या चुन्यातच लोंबकळत राहिला आणि वाचला होता. त्यामुळे एकाच भिंतीत, एखाद्या ग्रंथात दोन लेखकांचे हस्ताक्षर असावे तसे, दोन काळ एकावर एक बसले होते. शेठजींनी वरच्या भागातली वीट कोयत्याच्या पाठीने ठोकली. चुना भुकटी होऊन गळला आणि वीट सहा बाजूंनी अखंड हातात आली. मग त्यांनी खालच्या भागातली वीट काढायचा प्रयत्न केला. सिमेंट हलले नाही. वीट मधोमध फुटली आणि तिचा निम्मा भाग शेजारच्या विटेला धरून राहिला.

“चुना विटेहून मऊ असतो, मास्तर,” ते म्हणाले. “भांडण झाले तर तो हरतो. सिमेंट विटेहून टणक. तिथे वीट हरते. वरच्या भिंतीतल्या शंभरांतल्या ऐंशी-पंच्याऐंशी विटा मी विकतो. खालच्या भिंतीचा सगळा राडारोडा. साहेब सांगतात ते चार ढीग कुणीही करील. पण काय सुटणार आणि काय नाही, हे पाडणारा ठरवीत नाही, बांधणारा आधीच ठरवून गेलेला असतो.”

मला हे वाक्य इतके आवडले की, त्याच्या आनंदात मी रावसाहेबांकडे विजयी मुद्रेने पाहिले. आणि तीच माझी चूक झाली. रावसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“शेठजी, तुमच्या चुन्याचाही हिशेब करू,” ते म्हणाले. “चुना भाजायला भट्टी लागतेच, आणि त्या भट्टीत आपल्या आज्यापणज्यांनी डोंगरांची लाकडे जाळली. चुना घट्ट होताना हवेतला वायू परत घेतो, हे खरे; पण भट्टीत जळालेले झाड तो परत देत नाही. शिवाय त्याला आठवडे लागतात, घाणीला बैल लागतो, आणि त्यावर दुमजली वाडा उभा राहतो, बारा मजले नव्हे. ही तुमची तुळई ब्रह्मदेशातून आली असेल नाहीतर कारवारच्या रानातून. ती तोडली तेव्हा त्या रानाला कोणी मानांकन दिले होते? आणि मास्तर, या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि नळ एक. पहाटे चारला उठून हंडे भरणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यांतली एक माझी आई होती. आज त्या अकरा बिऱ्हाडांची शंभर माणसे झाली. त्यांना चुन्यात आणि सागात राहायला सांगणार आहात का?”

कोणी काही बोलले नाही. पाठीमागे कोयत्यांचा आवाज चालू होता.

“तुमचा धंदासुद्धा,” रावसाहेब किंचित सौम्य होऊन पुढे म्हणाले, “वाडे पडण्यावरच चालतो.”

“मी पडलेले उचलतो, साहेब. पाडा म्हणून सांगायला जात नाही,” शेठजी म्हणाले, पण हे अर्धेच खरे होते, आणि ते त्यांनाही ठाऊक असावे, कारण त्यांनी लगेच आपल्याच वखारीची कैफियत मांडली. लांब तुळया आणि कोरीव खांब जातात ते घरांत नव्हे, शहराबाहेरच्या उपाहारगृहांत आणि श्रीमंतांच्या शेतघरांत. तिथे ते लोखंडी सांगाड्याला पुढून टेकवून उभे करतात, आणि ज्या खांबाने सव्वाशे वर्षे माडी पेलली तो आता छताला नुसते हात लावून उभा राहतो. वाळवी लागलेले लाकूड बेकरीच्या भट्टीत जाते. खिळे वजनावर जातात. “माझ्याकडेही ओसरी आणि गोठा आहेच,” ते म्हणाले. “पायऱ्या थोड्या जास्त आहेत, एवढेच.”

लोखंडाच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत झाले, आणि ते होणारच होते. सिमेंटच्या इमारतीचा मक्ता घेताना पाडणारा मालकाला उलट पैसे मोजतो ते सळईच्या भरवशावर. तिचे तुकडे जालन्याच्या भट्ट्यांपर्यंत जातात आणि नवी सळई होऊन परततात. पाडकामात भावाने विकली जाणारी आणि जवळजवळ त्याच पदावर परत येणारी ही एक वस्तू. तरीही रावसाहेबांनी तिथेही एक बाकी काढलीच: भंगारात मोटारींच्या आणि यंत्रांच्या लोखंडाबरोबर तांब्याची तार मिसळून येते, तांबे वितळवूनही लोखंडातून वेगळे निघत नाही, आणि प्रमाण वाढले की तापलेली सळई लाटताना तिच्या पृष्ठभागाला भेगा पडतात, म्हणून फेऱ्यामागून फेऱ्या झाल्यावर भट्टीत थोडे खाणीतले कोरे लोखंड घालून ते तांबे पातळ करावे लागते. विरजणाला अधूनमधून ताजे दूध लागते, तसे.

बाकीच्या वस्तूंची यादी शेठजींनी बोटांवर मोजली आणि ती मोजताना त्यांचा चेहरा उतरत गेला. अल्युमिनियमच्या खिडकीची चौकट जाते, तिची काच जात नाही, कारण खिडकीच्या काचेचा आणि बाटलीच्या काचेचा मसाला वेगळा, आणि बाटलीच्या भट्टीवाले ती घेत नाहीत. प्लायवूडला सनमायका चिकटवलेला. दोन्ही मिळून कशाचेच नाहीत. जिप्समच्या छताला पत्र्याची पट्टी स्क्रूने आवळलेली. इमारतीच्या दर्शनी भागाला लावतात त्या चकचकीत पाट्यांत दोन बाजूंना अल्युमिनियमचा पापुद्रा आणि मध्ये प्लास्टिक. तो पापुद्रा सोलायची मजुरी अल्युमिनियमच्या भावाहून जास्त. “नव्या इमारतीत काही सुटायचे ठेवलेले नाही,” ते म्हणाले. “सगळे चिकटवलेले. चाळीस वर्षांनी तुमची हरित इमारत उतरवायला माझा नातू आला, तर त्याला ती उतरवता येणार नाही, पाडावीच लागेल.”

स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचीही तीच गत आहे, हे सांगायला मला कुणाची गरज नव्हती. आमच्या लहानपणी बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडी देई, आणि रद्दीवाला तागडीत कागद टाकताना दांडी अंगठ्याने किती दाबतो याकडे आई लक्ष ठेवून असे. आजही पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार फिरून, ज्याला भाव आहे ते सारे वेगळे काढते. पण चिवड्याच्या चकचकीत पुडीला भाव नाही, कारण तीही अशीच चिकटवलेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात, २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या साऱ्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्केच पुनर्चक्रित झाला, असा हिशेब मांडला आहे. पुडीवरचे ते त्रिकोणी बाण मी तेव्हापासून सुशोभन म्हणून पाहतो.

रावसाहेब आता आपल्या खऱ्या ठाण्यावर आले. ते म्हणाले की, साहित्य परत मिळण्याचा मुद्दा घटकाभर सोडून द्या. हरित इमारतीचे खरे श्रेय ती राहण्यात आहे, पडण्यात नव्हे. हैदराबादला भारतीय उद्योग महासंघाने गोदरेजांच्या नावे जे केंद्र उभारले, त्याला २००३ साली अमेरिकेबाहेरचे पहिले प्लॅटिनम मानांकन मिळाले. तिथे मध्ये चौक आहे, उन्हाला अडवणाऱ्या जाळ्या आहेत. आपल्या हडपसरला बेनिंजर यांनी रचलेले सुझलॉनचे ‘वन अर्थ’ पाहा. चौकाभोवती इमारती, भरपूर उजेड, पाण्याचा हिशेब. “म्हणजे वाड्याचाच चौक,” ते शेठजींकडे वळून म्हणाले, “फक्त मोजून-मापून, आणि नळ एक नव्हे.”

मी विचारले की, आमच्या इमारतीत आज चोवीस घरांत वातानुकूलन यंत्रे पाच आहेत, पंखे आणि समोरासमोरच्या खिडक्या यांवर आमचे भागते. नव्या इमारतीच्या चित्रात भिंतीपेक्षा काच जास्त दिसते, तिथे यंत्राशिवाय कोण राहील, आणि मग राहण्यातली बचत कोणाच्या खात्यावर जमा होईल? यावर त्यांनी दुहेरी काचेचे गुण सांगितले, ते मी ऐकून घेतले.

“आणि ते वाढीव चटई क्षेत्र?” मी पुढे विचारले. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकनाच्या पायरीप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के अधिक चटई क्षेत्र बक्षीस म्हणून मिळते, हे मला प्रस्तावाच्या तळटीपेवरूनच कळले होते. अल्पाहाराचे व्रत पाळल्याबद्दल पाने वाढवून मिळावीत, असा हा प्रकार मला वाटत होता, आणि मी तसे म्हणालो.

“पाने वाढल्याशिवाय कुणी व्रत धरीत नाही, मास्तर,” रावसाहेब शांतपणे म्हणाले. “मी चौतीस वर्षे सरकारात काढली. हुकूम काढून माणूस काय करतो आणि लाभ दाखवून काय करतो, याचा मला अंदाज आहे.”

“लाभ मिळाल्यावर काय करतो, याचाही असेल,” शेठजी म्हणाले.

हा टोला लागला. पण तो का लागला हे त्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होते, आणि ते शेठजी नव्हते. रावसाहेब ज्या गृहसंकुलात मुलाकडे वर्षातले चार महिने राहतात, तिथे सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बसवलेले होते, कारण त्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नसते. प्रमाणपत्र मिळाल्यावर यंत्र बंद पडले. रावसाहेबांनी स्वतः तळघरात उतरून, जाणकार माणूस नेमून, विजेच्या बिलावरून सभासदांशी भांडून ते दोन वर्षे चालवून दाखवले. बागेला त्याचेच पाणी जात असे. मग कार्यकारिणी बदलली, वास येतो अशी तक्रार झाली, आणि आज बागेला टँकरचे पाणी घालतात. हे सारे त्यांनी सांगितले ते मान खाली घालून, आणि शेवटी म्हणाले, “दोष यंत्राचा नव्हता.” तो नव्हताच. पण रोज तळघरात उतरणारा एक रावसाहेब प्रत्येक इमारतीच्या नकाशात दाखवता येत नाही, ही अडचण यंत्राच्या अडचणीहून मोठी आहे, असे मला वाटले. त्यांच्याकडे पाहून बोलवले मात्र नाही.

राखेच्या विटांवर फार वेळ गेला नाही. १९९९ साली केंद्र सरकारने शेतातली सुपीक माती वाचावी म्हणून औष्णिक वीजकेंद्रांभोवतालच्या ५० किलोमीटरांत विटांमध्ये राख मिसळण्याचा हुकूम काढला, तेव्हापासून एकलहरे, परळी, कोराडी इथल्या राखेला ग्राहक मिळू लागले. शेठजींनी विचारले की, कोळशाच्या काजळीवर उभी असलेली वीट हरित कशी. रावसाहेब म्हणाले, कोळसा जळतोच आहे तोवर त्याची राख नदीत जाण्यापेक्षा भिंतीत गेलेली बरी. या उत्तरात मला काही खोट दिसली नाही. एवढेच की, ब्रिटनमध्ये २०२४ च्या सप्टेंबरअखेर कोळशाचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. तसा सुदिन आपल्याकडे उगवला, तर त्या दिवशी या विटेला दुसरा मसाला शोधावा लागेल.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी, आता मागे वळून पाहता, मी इतके दिवस त्या वाड्यापाशी थबकत असावा. आमची इमारत दुरुस्त होऊ शकत नाही का?

रावसाहेबांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. ते तिच्या बांधकामाच्या वेळी, १९७८ साली, तरुण सभासद म्हणून रोज देखरेखीला उभे राहत असत. आमच्यापैकी पाया पाहिलेला मनुष्य आता तोच एक.

“होऊ शकते,” ते म्हणाले. “तपासणीचा अहवाल मी दोनदा वाचला आहे. नऊ खांबांना जॅकेटिंग, गच्चीचा कोबा नवा, नळ नवे. पंधरा-वीस वर्षे सहज निघतील. सिमेंट लागेल ते नव्या इमारतीच्या तुलनेत चिमूटभर. तुमच्या शेठजींच्या हिशेबाने पाहिले तर याच्याइतकी हरित तजवीज दुसरी नाही. पण मास्तर, दुरुस्तीला वर्गणी काढावी लागते आणि पुनर्विकासात मोबदला मिळतो. दुरुस्तीला मानांकन नाही, वाढीव चटई क्षेत्र नाही, रंगीत प्रस्ताव नाही. मी सर्वसाधारण सभेत तो पर्याय मांडला होता. आठवते का, किती हात वर झाले?”

मला आठवत होते. तीन. आणि त्या तिनांत माझा हात नव्हता, कारण पत्नीचे गुडघे तीन जिने चढताना काय सोसतात ते मी रोज पाहतो, आणि नव्या इमारतीला उद्वाहन आहे. शिवाय एक खोली जास्त मिळते आहे. ही गोष्ट मी त्या सकाळी शेठजींच्या बाजूने बोलताना सोयीस्करपणे विसरलो होतो. रावसाहेब विसरले नव्हते, पण त्यांनी ती बोलून दाखवली नाही. खात्यातली जुनी माणसे प्रतिकूल कागद फायलीत ठेवतात, तोंडावर फेकीत नाहीत.

पुढच्या रविवारी शेठजी आमची इमारत पाहायला आले. मक्ता मिळाला तर काय बोली लावायची याचा अंदाज घेत, हातात वहीचा तुकडा धरून ते तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढले. खिडक्यांच्या चौकटी मोजल्या, तारांचा मार्ग पाहिला, एका खांबाच्या फुटक्या कोपऱ्यातून दिसणाऱ्या सळईची जाडी बोटाने अजमावली. सत्तेचाळीस वर्षांचे आमचे संसार त्यांच्या वहीत साडेचार ओळींत बसले. माझ्या दाराशी येऊन त्यांनी फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली.

“फ्लश दरवाजा. याला भाव नाही,” ते म्हणाले, आणि मग चौकटीवरच्या रंगाच्या थरांत त्यांनी नख रोवले. “चौकट मात्र साग आहे, मास्तर. अस्सल.”

ती नव्या घराला लावता येईल का, असे मी विचारले. त्यांनी वाकून चौकटीच्या बगलेत पाहिले. होल्डफास्ट सिमेंटमध्ये गाडलेले होते. चौकट काढायची तर दोन्ही बाजूंची भिंत हातभर फोडावी लागेल आणि घाई केली तर उभे लाकूड चिरेल. एक दिवसाची मजुरी, ते म्हणाले, आणि पाडणाऱ्यांच्या यंत्राने एक दिवस थांबायला हवे.

रावसाहेब जिन्याच्या कठड्याला धरून मागेच उभे होते. त्यांनी प्रस्ताव उघडून वाचून दाखवले की, नव्या इमारतीत सर्व चौकटी एकाच मापाच्या व ग्रॅनाइटच्या आहेत. ही अडचण त्यांनी स्वतःशीच मान्य करीत दोनदा वाचली. मग खिशातले पेन काढून ‘साहित्याचा पुनर्वापर’ या कलमाच्या समासात, खात्यातल्या त्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, त्यांनी लिहिले: ‘सागवानी चौकट, जुनी, नग १. घर क्र. १४. विकासकाशी बोलणे.’ आणि खाली तारीख घातली.